भाजल्यावरची पहिली वीस मिनिटं

(महिला मंडळाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुणाच्या हातावर उकळता चहा सांडला की आपल्या मजल्यावर काय होतं, आठवा. एकजण हळद आणते, दुसरी टूथपेस्ट, तिसरी फ्रिजमधला बर्फ. शेजारधर्म म्हणून छानच. पण मी बरीच वर्षं बर्न्स वॉर्डात नर्स होते आणि असा पेशंट आला की आमचं पहिलं काम म्हणजे हे लेप धुऊन काढणं. वाळलेली पेस्ट सुटताना माणूस जो कळवळतो, ते बघवत नाही. शिवाय लेपाखाली जखम किती खोल आहे, तेही डॉक्टरांना कळत नाही.

करायचं ते अगदी साधं आहे. भाजलेला भाग नळाच्या धारेखाली धरायचा, घड्याळ बघून २० मिनिटं. दोन मिनिटांत "आता बरं वाटतंय" म्हणून हात काढून घ्यायचा नाही. चहा ओघळून गेला तरी उष्णता कातडीत मुरलेली असते आणि आतल्या थरांना भाजत राहते. लगेच जमलं नाही, तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र नको. त्याने रक्तपुरवठा कमी होऊन दुखावलेली कातडी आणखी बिघडते.

आता आपल्याकडची अडचण. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेच कढत! आधी दुसऱ्या हाताने बघा. गरम असेल तर पिंपातलं, माठातलं पाणी मगाने ओतत राहा. पाणी वाया गेलं म्हणून सेक्रेटरीसाहेब ओरडणार नाहीत, मी विचारून ठेवलंय.

पाणी चालू असतानाच अंगठ्या, बांगड्या काढा; सूज चढली की कापाव्या लागतात. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग धुतलेलं सुती कापड सैलसर झाकायचं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

लहान मुलांबद्दल जरा थांबून सांगते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते. मुलांची त्याहूनही लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बाळ भाजलं तर भाजलेल्या जागी पाणी ओता, पण बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, कारण ती पटकन गारठतात.

पेशंटच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघ भाजली असेल, तर दवाखाना गाठायचाच. तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांचं थोडं भाजलं तरीसुद्धा. आणि "दुखत नाहीये, म्हणजे किरकोळ आहे" असं समजू नका. कातडी पांढरी किंवा काळी पडलीय आणि दुखत नाही, म्हणजे आतल्या नसाच जळाल्यात.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, वाऱ्याने आग वाढते. खाली झोपून लोळायचं, जवळच्याने जाड सुती गोधडी टाकायची, आणि आग विझली की लगेच पाणी.

एकाने पाणी ओतत राहायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तिसऱ्याने खाली जाऊन लिफ्ट धरून ठेवायची आणि वॉचमनला सांगून गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या हलवून घ्यायच्या. त्या कुणाच्या असतात, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहेच.