पहिल्या कादंबरीची वाट

(ग्रंथालयाच्या कार्यक्रमात नवोदित लेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



‘पहिली कादंबरी’ या विषयावर उपदेश करण्याऐवजी मी आज एका लेखकाची हकीगत सांगणार आहे. हा लेखक मराठी नव्हे; त्याने आयुष्यभर इंग्रजीत लिहिले. तरीही दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ पाहिलेली पिढी समोर बसलेली मला दिसते आहे, आणि त्यांचे धाकटे बंधू व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना तर महाराष्ट्राने आपलेच मानले. आर. के. नारायण हे ते लेखक.

जन्म १९०६ सालचा, मद्रासचा. बालपण आजीजवळ गेले. वडील मुख्याध्यापक, त्यांची बदली म्हैसूरला झाल्यावर शाळेचे समृद्ध ग्रंथालय मुलाला मोकळे झाले. गंमत अशी, की पुढे इंग्रजीत कीर्ती मिळवणारा हा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला तो इंग्रजीतच! अखेर १९३० मध्ये पदवी मिळाली. चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत नोकरीही लागली, पण ती त्यांनी थोड्याच दिवसांत सोडली आणि घरी येऊन सांगितले, मी लेखक होणार.

येथे मी पालकांकडे वळतो. त्या काळी पदवीधर मुलाने असे म्हणणे म्हणजे घरावर संकटच. पण नारायणांच्या घराने त्यांना छप्पर दिले, दोन वेळचे जेवण दिले. आजीने शुभ दिवस काढून दिला. त्या दिवशी नारायणांनी कोरी वही आणली आणि पहिले वाक्य लिहिले. मालगुडीचे ते छोटे रेल्वेस्थानक लिहिता लिहिता डोळ्यांपुढे उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. लेखनातून पहिल्या वर्षाची कमाई किती? नऊ रुपये बारा आणे. तीही सागरी कायद्यावरच्या एका रुक्ष ग्रंथाच्या परीक्षणाची. १९३४ मध्ये विवाह झाला. संसारासाठी मद्रासच्या एका वृत्तपत्राला म्हैसूरच्या बातम्या पुरवण्याचे काम त्यांनी पत्करले. कचेरी, बाजार, न्यायालय असे पायी हिंडायचे. मोबदला छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर. मालगुडीतली माणसे त्यांना पुढे इतकी अचूक सापडली, त्यात या भटकंतीचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

कादंबरी पूर्ण झाली, पण इंग्लंडमधले प्रकाशक एकामागून एक हस्तलिखित परत पाठवीत राहिले. म्हैसूरचा एक मित्र, पूर्ण, तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. अखेर हस्तलिखित त्याच्याकडे गेले, आणि वैतागलेल्या नारायणांनी त्याला लिहिले की याला दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने ऐकले नाही. ऑक्सफर्डमध्येच राहणाऱ्या ग्रॅहॅम ग्रीन या तरुण कादंबरीकाराच्या हाती त्याने ते दिले. ग्रीनला ते मनापासून आवडले. त्याने हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाकडे शब्द टाकला, शीर्षक बदलून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ सुचवले आणि इंग्रज वाचकाच्या जिभेला पेलावे म्हणून लेखकाचे लांबलचक नावही आखूड करवले. ऑक्टोबर १९३५ मध्ये पुस्तक निघाले.

नाव आखूड झाले, शीर्षक बदलले. पण मालगुडी मालगुडीच राहिली. परक्यांना कळावे म्हणून स्वामीनाथनची आजी बदलली नाही, की त्याचे क्रिकेटवेड आणि परीक्षेची धास्ती बदलली नाही. इंग्रजीत लिहून कोणी परका होतो, असे म्हणणाऱ्यांशी माझा येथे मतभेद आहे. मराठीत लिहूनही उसन्या शहरांत वावरणारी पुस्तके आपण वाचलेलीच आहेत.

आज पैसे भरले की महिन्याभरात पुस्तक हाती पडते. मी त्याला नावे ठेवीत नाही. मात्र त्या व्यवहारात ‘हे छापण्याजोगे आहे का?’ असे विचारणारा कोणी उरत नाही. पूर्ण काय, ग्रीन काय, दोघांनीही प्रथम काम केले ते वाचकाचे. असा एक वाचक मिळेपर्यंत हस्तलिखित पेटीत राहिले तरी बिघडत नाही. तो घरातलाच असेल, तर त्याला खरे बोलण्याची मुभा द्या.

आणि पुस्तक निघाल्यावर पुढे काय झाले? परीक्षणे चांगली आली, विक्री मात्र बेताची. प्रकाशकाने पुढचे पुस्तक घेतले नाही. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ १९३७ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाली, ‘द डार्क रूम’ १९३८ मध्ये तिसऱ्याकडून. पत्रांतून ही सारी मदत करणाऱ्या ग्रीनची आणि नारायणांची प्रत्यक्ष भेट झाली ती थेट १९५६ साली. तोपर्यंत मालगुडीत बरीच वस्ती वाढली होती.