कॅमेऱ्याची राखीव बॅटरी

मंगल कार्यांत अंतरपाट दूर होण्याच्या क्षणींच कॅमेऱ्याची बॅटरी संपावी, यासारखा दुसरा विरस नाहीं. म्हणून सुज्ञ गृहस्थ राखीव बॅटरी जवळ बाळगतो. परंतु ती घेतांना वेष्टनावरील मिलिअँपिअर-तासांच्या मोठ्या आंकड्यास पुष्कळदां भुलतो.

सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणलेला लिथियम-आयन जातीचा घट सुमारें ३.६ व्होल्ट दाब देतो व लहानशा आकारांत पुष्कळ ऊर्जा सांठवितो. मात्र तो प्रमाणाबाहेर भारित झाला, किंवा त्याचीं टोंकें धातूनें जोडलीं गेलीं, तर तापून पेट घेण्याचा संभव असतो. हें टाळण्यासाठीं चांगल्या बॅटरींत संरक्षक मंडल बसविलेलें असतें. नकली मालांत पुष्कळदां त्याचीच काटकसर केलेली आढळते. यास्तव कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेंत सांगितलेलाच नमुना विश्वासाच्या दुकानांतून घ्यावा. सारख्याच आकाराच्या दोन बॅटऱ्यांपैकीं एकीवर फारच मोठा आंकडा असल्यास तो शंकेचें कारण समजावा.

विमानप्रवासांत राखीव बॅटरी टोंकें झांकून हातपिशवींतच न्यावी. असा नियमच आहे. एरवीं दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीनें वापराव्या. वर्षभर कपाटांत पडून राहिलेल्या बॅटरीवर ऐन वेळीं विसंबतां येत नाहीं.