हेलिकॉप्टरचं इंजिन विमानाला
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला "आयटीबद्दल काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण इथले निम्मे लोक आयटीतच आहेत, त्यामुळे तुमची सुटका करते आणि साडेसात सीसीच्या एका इंजिनाबद्दल बोलते.

ओझरहून शाळेत येणाऱ्यांना माझे बाबा आठवत असतील. ते एचएएलमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी रेडिओ कंट्रोलवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर जमवलं. बाबा गेले, हेलिकॉप्टरचा सांगाडाही मोडला, इंजिन मात्र शाबूत राहिलं. मला हेलिकॉप्टर उडवता येत नाही, विमान येतं. मग हे इंजिन माझ्या विमानाला लावता येईल का? आई म्हणाली, "शोकेसमध्ये ठेवायला त्यांचा फोटो आहे. इंजिन चालत असेल तर चालव." पण ते बिघडलं असतं तर बाजारात दुसरं मिळालं असतं, बाबांचं मिळालं नसतं.

वरवर पाहिलं तर प्रश्नच नाही. ओ.एस. या जपानी कंपनीचं ४६ एफएक्स हे विमानाचं इंजिन आणि ४६ एफएक्स-एच हे हेलिकॉप्टरचं. आकारमान एकच, इंधनही तेच: मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. ठिणगी दोन्हीत नाही, ग्लो प्लगमधल्या तापलेल्या तारेवर काम चालतं. फरक आहे तो इंजिनाच्या शेजाऱ्यांत.

पहिला शेजारी हवा. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन आत कोंडलेलं असतं, त्याला थंड ठेवायला वेगळा छोटा पंखा लागतो. म्हणून त्याच्या हेडवर मोठमोठ्या फिन्स असतात. विमानात प्रोपेलरचा वारा थेट अंगावर येतो. तिथे हेच हेड काही वेळा गरजेपेक्षा जास्त थंड राहतं. शिवाय नाकाशी वजन वाढतं, म्हणून बॅटरी मागे सरकवून गुरुत्वमध्य जागेवर आणावा लागतो.

दुसरा शेजारी ओझं. हेलिकॉप्टरचं इंजिन मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतं आणि गिअरमधून वरचा मोठा पंखा त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याने फिरतो. उडताना फेरे जवळपास स्थिर ठेवायचे आणि पात्यांचा कोन बदलायचा, ही त्याची पद्धत. विमानाला मात्र उतरताना अगदी मंद चालणारं आणि गरज पडली की लगेच वेग घेणारं इंजिन हवं. त्यामुळे कार्ब्युरेटरचं सेटिंग नव्याने करावं लागतं. या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत असल्याने मी अकरा इंचीऐवजी दहा इंची प्रोपेलर निवडला.

तिसरा शेजारी सगळ्यात महत्त्वाचा: दांडा. विमानाच्या इंजिनाचा दांडा पुढे लांब असतो, कारण त्यावर प्रोपेलर, वॉशर आणि नट बसायचे असतात. बाबांच्या इंजिनाचा दांडा पंख्यापुरता होता. प्रोपेलर चढवल्यावर नटाला जेमतेम दोन-तीन आटे मिळत होते. एकाने सुचवलं, "लॉकटाइट लाव, चालून जाईल." आता गणिताच्या बाईंनी शिकवलेलं करू या. व्यास दहा इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर. परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. मिनिटाला चौदा हजार फेरे. प्रोपेलरच्या टोकाचा वेग येतो ताशी सुमारे ६७० किलोमीटर. तो दोन-तीन आट्यांच्या भरवशावर कोणाच्या अंगावर सोडायचा? मी नाही म्हटलं. त्याच मालिकेतल्या विमानाच्या इंजिनाचा दांडा आणि त्याची पुढची चकती मागवली. बाबांचं इंजिन खोलताना हात थरथरला, पण खोललं.

मोठ्या यंत्रांतही हेच आहे. एचएएलने १९८४ साली उडवलेल्या एचटीटी-३४ या प्रशिक्षण विमानाला अ‍ॅलिसन २५० इंजिन होतं. बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरलाही याच कुळातलं. गाभा एक, पण विमानासाठी गिअरबॉक्स आणि नियंत्रण वेगळं. हे शेजारी बदलायला विसरलं की काय होतं, ते माझ्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. आपण दहावी झालो त्याच वर्षी, ४ जून १९९६ला, एरियान-५ रॉकेट साधारण चाळीस सेकंदांत नष्ट झालं. त्यातला दिशादर्शनाचा प्रोग्राम एरियान-४ वरून घेतला होता. तिथे तो बिनचूक चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा सोळा बिटांच्या जागेत मावला नाही. प्रोग्राम तोच राहिला होता, रॉकेट बदललं होतं.

इंजिन आधी लाकडी स्टँडवर चालवलं, आठवडाभर रोज थोडं थोडं. मग सिन्नरच्या बाजूला एका माळावर, मालकाची परवानगी घेऊन आणि डिजिटल स्कायच्या नकाशावर तो भाग हिरवा असल्याची खात्री करून, विमान उडवलं. आपल्याकडे ओझर, गांधीनगर, देवळाली असल्यामुळे नकाशा पाहणं टाळून चालत नाही. आई दूर गाडीजवळ उभी होती. विमान नऊ मिनिटं हवेत होतं.

आज शाळेच्या मैदानावर उडवून दाखव, असा आग्रह झाला. इतकी माणसं आणि मुलं असताना ते करणार नाही. त्याऐवजी जुना छोटा दांडा आणि तसाच एक नवा लांब दांडा एका फळीवर शेजारी शेजारी लावून प्रयोगशाळेला देते आहे. सर, मुलांना खाली काही लिहून ठेवू नका. दोन्ही हातात द्या आणि विचारा, यातला कुठला कशासाठी केला असेल? वर्षातून एक शनिवार मी येईन, स्टँडवर इंजिन चालू करून दाखवीन. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून त्या दिवशी मुलं दोरीच्या मागे आणि आपल्यापैकी दोघं तरी मदतीला हवेत. नावं आजच, जेवणाच्या आधी, माझ्याकडे द्या.