वाफशाआधींचा सामना

जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जामनेर तालुक्यांत, पहूर हें गांव लागतें. पेठ आणि कसबे अशीं या गांवाचीं दोन अंगें. अजिंठ्याच्या डोंगरांतून उतरलेली वाघूर नदी याच मुलखांतून वाहते, आणि सभोंवार कपाशीची काळी जमीन पसरलेली आहे. आषाढांतली एखादी दुपार आहे, पाऊस नुकताच उघडला आहे, आणि पेठेचा एक व कसब्याचा एक असे दोन संघ क्रिकेटचा सामना खेळावयास गांवाबाहेरच्या मोकळ्या रानांत उतरले आहेत, असें क्षणभर मनांत आणावें. मधोमध मुरूम टाकून चोपलेली खेळपट्टी आहे, आणि भोंवतीं घोट्याइतका चिखल. शहरांतला पाहुणा हें दृश्य पाहून प्रथम हेंच विचारील कीं, उभें वर्ष मोकळें पडलें असतां या मंडळींनीं चिखलाचाच दिवस कां निवडावा ?

याचें उत्तर शेतकऱ्याच्या एका शब्दांत आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जास्तीचें पाणी मुरतें, ओल राहते पण चिखल राहत नाहीं, अशा अवस्थेस वाफसा म्हणतात. मूठभर माती हातांत दाबावी, तिचा गोळा व्हावा आणि खालीं टाकतांच तो फुटावा, ही त्याची साधी परीक्षा. वाफसा आला कीं कोळपें जुंपावयाचें, निंदणीला माणसें लावावयाचीं. त्या दिवशीं तरण्या माणसाला खेळ आठवणें शक्य नाहीं. उलट माती पायाला चिकटते तोंवर शेतांत शिरतां येत नाहीं, कारण ओली जमीन तुडवली तर ती घट्ट बसते. म्हणजे जो दिवस खेळास उत्तम, तोच कोळपणीसही उत्तम. शेताला नकोसा झालेला दिवस तेवढा खेळाच्या वांट्यास येतो. पावसाळी सामना ही पहूरसारख्या गांवाची लहर नव्हे, ती त्याची सवड आहे.

या सवडीची किंमत मात्र मोजावी लागते. काळ्या मातीचे बारीक चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळतांना आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत या जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तिच्यांतून पाणी लवकर उतरत नाहीं. कोरड्या रानांत सीमेपार जाणारा फटका येथें दहा पावलांवर चिखलांत रुतून बसतो. धाव हवी असेल तर चेंडू उचलून मारावा लागतो, आणि उचलला कीं झेल जाण्याचें भय आलेंच. गोलंदाजाचीही स्थिति सुखाची नसते. ओला चेंडू त्याच्या बोटांतून निसटतो, आणि धांवतांना टाच घसरते. खेळपट्टी पुरती ओली असते तोंवर चेंडू आळसानें येतो, पण तासभर ऊन पडून वरचा पापुद्रा वाळूं लागला आणि खालचा थर मऊ राहिला, कीं तोच चेंडू मातीला चावून अकस्मात् उसळतो किंवा वळतो. मुठींत माती दाबून वाफसा ओळखणाऱ्या माणसाला ही घडी वेगळी शिकवावी लागत नाहीं.

या घडीनें मोठमोठ्यांचीही परीक्षा घेतली आहे. १९४७ च्या अखेरीस लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ ऑस्ट्रेलियांत गेला होता. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटींत ब्रॅडमननें १८५ धावा काढल्या, पाऊस पडला, आणि ओल्या खेळपट्टीवर हिंदी संघाचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. टोशॅक या गोलंदाजानें पहिल्या डावांत अवघ्या २ धावांत ५ गडी बाद केले. पुढल्याच वर्षीं, १९४८ सालीं, मुंबईंत डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवानें भर पावसाळ्यांत खेळावयाचे साखळी सामने सुरू झाले. सुनील गावस्कर आणि सचिन तेंडुलकर हेही या सामन्यांतून खेळून गेले आहेत. आतां मोठ्या सामन्यांत पावसाची चाहूल लागतांच खेळपट्टी झांकतात. ओल्या मातीवर खेळण्याची विद्या त्यामुळें कसोटी मैदानावरून जवळजवळ उठली, आणि मुंबईचीं मैदानें व खेड्यांतलीं रानें यांच्या आश्रयास राहिली.

पण पाऊस कौशल्याहून अधिक कठीण असें एक मागणें मागतो, आणि तें न्यायाचें. खेळ अर्ध्यावर थांबला तर कोण जिंकलें ? १९९२ सालीं सिडनी येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पावसानें १२ मिनिटें नेलीं, आणि त्या वेळच्या नियमानें हिशेब झाला तो एका चेंडूंत २१ धावांचा ! पुढें १९९७ पासून डकवर्थ आणि लुईस या दोघां इंग्रजांनीं बसविलेलें गणित वापरांत आलें, आणि असा उघड अन्याय बराच टळला.

पहूरच्या त्या रानांत असें गणित नाहीं, खेळपट्टीवर अंथरावयास ताडपत्री नाहीं, आणि पंच तर फलंदाजी करणाऱ्या संघांतलेच दोघे उभे असतात. समजा, कसब्याला दोन षटकांत नऊ धावा हव्या आहेत, दोन गडी उरले आहेत, आणि अजिंठ्याच्या बाजूनें आभाळ काळें होत चाललें आहे. पहिले थेंब पडतात. ओला चेंडू गोलंदाजाला धरवत नाहीं, म्हणून कसब्याला खेळ चालूं राहावा असें वाटतें. सामना बरोबरींत सुटला तर पराभव चुकतो, म्हणून पेठेला तो थांबावा असें वाटतें. अशा वेळीं “आतां पुरे” म्हणणाऱ्याच्या मनांत पाऊस किती आणि पराभव किती, हें त्याचें त्यालाच ठाऊक. पंचांनीं आपल्या संघाकडे पाहून निर्णय दिला, तर त्यांना आडवणारा कोणी नाहीं. आडवते ती एकच गोष्ट. उद्यां सकाळीं हे बावीस जण त्याच बाजारांत, त्याच चावडीपुढें, त्याच बांधावर एकमेकांसमोर येणार असतात. लबाडीनें मिळविलेल्या नऊ धावा तेथें वर्षभर पुरवाव्या लागतात. म्हणून दोन्ही कप्तान मधें येतात, माती पायानें दाबून पाहतात, आणि काय तें दोघांच्या संमतीनें ठरतें. गणितानें जें मोठ्या मैदानावर साधलें, तें येथें शेजारधर्मानें साधावें लागतें. तें दर वेळीं साधतें असें नाहीं, पण जेव्हां साधतें तेव्हां तो सामना हरणाऱ्यालाही बोचत नाहीं.

सरी वाढल्या कीं सारेच झाडाखालीं धांवतात. सह्याद्रि ओलांडून येतांना पुष्कळसा रिता झालेला पाऊस खानदेशच्या वांट्यास बेताचाच येतो. जळगांव जिल्ह्यांत तो वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, आणि त्यांतही दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांचा खंड पडतो. कपाशी अशा खंडांत माना टाकते. म्हणून जो खेळाडू आतांच चौकारासाठीं झटत होता, तोच हात पुढें करून सरीचा जोर अजमावतो, आणि सामना बुडाल्याचें दुःख त्याच्या तोंडावर फार वेळ टिकत नाहीं.

पाऊस उघडून वाफसा येतो, आणि बावीसही जण आपापल्या शेतांत कोळप्यामागें असतात. राहिलेलीं दोन षटकें पुढल्या ओल्या दिवसापर्यंत तशींच राहतात.