‘पित्त असेल’ म्हणण्याआधी

(धायरी येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



बाईच्या दुखण्याला घरात काय नावं मिळतात, ते आपल्याला ठाऊक आहे. पित्त, वात, गॅस, नाहीतर ‘फार मनाला लावून घेते’. पण एक दुखणं असं आहे की त्याला चुकीचं नाव मिळालं तर काही तासांत जीव जातो.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की रक्त पदरांच्या मधे घुसतं आणि भिंत उसवत जाते. हृदयाजवळचा भाग उसवला आणि उपचार झाले नाहीत, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, असं डॉक्टर मानतात.

ओळखायचं कसं? कळ अचानक येते आणि बहुतेक वेळा पहिल्या क्षणीच सर्वांत तीव्र असते. छातीत, पाठीत खांद्यांच्या मधे किंवा पोटात. कधी ती सरकत जाते. सोबत घेरी येते, बोलणं अडखळतं, एखाद्या हातापायातली शक्ती जाते. दोन्ही हातांच्या रक्तदाबात 20 पेक्षा जास्त फरक दिसू शकतो. पण फरक नाही, म्हणून आजार नाही असं समजू नका. ई.सी.जी. आणि छातीचा एक्स-रे चांगला आला तरी शंका फिटत नाही. खात्री होते ती सी.टी. अँजिओग्राफीने. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली गेली, तर इथे ती घात करू शकतात.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 साली जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली. वय 31. आधी हार्ट अटॅक वाटला. शवविच्छेदनात महाधमनी फाटल्याचं कळलं. मूळ कारण मार्फान हा आनुवंशिक आजार. नंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही दोष निघाला, शस्त्रक्रिया झाली.

हा आजार पुरुषांत जास्त. पण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की बायकांचं निदान उशिरा होतं आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त. आपल्याला याचं नवल वाटायला नको. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दवाखान्यात जाणाऱ्या आपणच!

मग आपण काय करायचं? मंडळात महिन्याला एकदा सगळ्यांचा रक्तदाब मोजायचा, कारण सर्वांत मोठं कारण तेच. गोळी मनाने बंद करायची नाही. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर अशी कळ आली तर विशेष सावध राहायचं. रात्र असो, सिंहगड रस्त्यावर गर्दी असो, लगेच 108 ला फोन करायचा आणि सी.टी. व हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय विचारायचं. तिथे न घाबरता म्हणायचं, “डॉक्टर, महाधमनी फाटली नाही ना, ते बघा. दोन्ही हातांचा रक्तदाब घ्या.”

प्रश्न विचारणारी बाई उद्धट नसते. तिच्या एका प्रश्नाने शेजारणीचा जीव वाचू शकतो.