दुमडत जाणारी जमीन

कॅनडातील मूळनिवासींच्या प्रश्नांवर नेमलेल्या राजआयोगाचा अहवाल १९९६ साली आला. पाच खंड, सुमारे चार हजार पाने. सामान्य नागरिकाच्या हाती तो पडणे अवघडच होते. पुढच्याच वर्षी, त्याच्या आधाराने, मूळनिवासी जाणकार आणि चर्चशी संबंधित न्यायवादी कार्यकर्ते यांनी मिळून ‘ब्लँकेट एक्सरसाइझ’ हा सामूहिक उपक्रम रचला. खोलीभर ब्लँकेटे अंथरतात. ती म्हणजे युरोपीय येण्याआधीची भूमी. माणसे त्यांवर मोकळी वावरतात. निवेदन पुढे सरकते तशी ब्लँकेटे दुमडली जातात. देवीच्या साथीत काहीजण बाहेर पडतात, घरापासून तोडून निवासी शाळेत नेलेली ‘मुले’ वेगळ्या ब्लँकेटवर उभी राहतात. अखेरीस उरतात ती घड्यांवर अंग चोरून उभी असलेली, एकमेकांपासून तुटलेली थोडी माणसे.

पाहणाऱ्याला गलबलून येते. पण माझ्या मते उपक्रमाचे खरे मोल त्यात नाही. जमीन लढाईत हरली जाते, अशी आपली समजूत असते. कॅनडात ती बव्हंशी करार, कायदे आणि दुरुस्त्यांच्या कागदांवरून गेली. १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट, १८८४ च्या दुरुस्तीने पॉटलॅच या समारंभावर आलेली बंदी, आणि १९२७ ची दुरुस्ती, जिने जमिनीचा दावा लढण्यासाठी सरकारी परवानगीविना वर्गणी गोळा करणेही गुन्हा ठरवले. यांतली शेवटची दोन बंधने १९५१ पर्यंत टिकली. पुस्तकात ही कलमे सुटीसुटी वाटतात. ब्लँकेटवर उभ्या माणसाला मात्र त्यांचा क्रम उमगतो: आधी जमीन जाते, मग दाद मागण्याची वाट बंद होते.

दुःखाचा खेळ मांडला, हा आक्षेप गंभीर आहे. निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुले नेली गेली. घटकाभर उभे राहून त्यांची वेदना कळली म्हणणे उद्धटपणाचेच. सहभागींत मूळनिवासी मूल असेल तर त्याची जखम पुन्हा उघडते. म्हणून मूळनिवासी वडीलधाऱ्यांची साथ आणि शेवटी वर्तुळात बसून बोलणे, याविना हा उपक्रम करूच नये. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: यात मूळनिवासी केवळ गमावताना दिसतात. निस्गा या मूळनिवासी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दावा लावून धरला, आणि १९७३ च्या काल्डर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुसंख्य न्यायाधीशांनी मूळनिवासींचा भूमिहक्क कायद्यात अस्तित्वात असल्याचे मानले. हा लढा गाळणारे निवेदन अपुरे आहे, आणि ते पुरे करता येते. उपक्रमच टाकून देण्याचे कारण नाही.

इंडियन अ‍ॅक्टच्या पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, कॅनडा ज्याचा भाग होता त्याच ब्रिटिश साम्राज्याने आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा केला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड या जमातींच्या पिढ्या वाढल्या. त्या इतिहासाचा असा उपक्रम मराठी शाळांत जरूर व्हावा. मात्र त्याची संहिता भटक्या-विमुक्त समाजांतील जाणत्यांनी लिहावी, आणि शाळांनी ती त्यांच्याकडे जाऊन मागावी.