आंबटाच्या वाटेने दक्षिणेकडे



दक्षिणेतलं काय काय चाखावं, असं आपल्याकडे कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. इडली, डोसा, मेदूवडा, उत्तप्पा. हे सगळे पदार्थ उत्तम आहेत. पण ते न्याहारीचे आणि तिसऱ्या प्रहरी खायचे. उडुपी उपाहारगृहांनी ते मुंबई-पुण्यात आणले आणि आपण त्यांना आपलंसं केलं. दक्षिणेचं दुपारचं जेवण मात्र आपल्यापर्यंत फारसं पोचलंच नाही. आज मला तुम्हाला त्या जेवणापर्यंत न्यायचं आहे, आणि त्यासाठी मी एक वाट निवडली आहे: आंबट चवीची.

ही वाट का? दक्षिणेचा मोठा भाग भात खातो. हवा उष्ण, किनाऱ्याला दमट. अशा हवेत भूक मंदावते आणि शिजवलेलं अन्न लवकर बिघडतं. आंबटाने तोंडाला चव येते, भाताला रंगत येते आणि कालवण टिकतंही. म्हणून आंबट सगळीकडे आहे, पण ते कशातून काढायचं हे प्रत्येक मुलखाने आपापल्या झाडा-पानांवरून ठरवलं. आपण सरसकट ‘साउथ इंडियन’ म्हणतो त्या एका शिक्क्याखाली किती वेगळी स्वयंपाकघरं आहेत, ते या एका चवीचा माग काढला की स्पष्ट दिसतं.

सुरुवात ओळखीच्या इडलीपासूनच करू, कारण तिचं आंबटपण बाहेरून घातलेलं नसतं, ते पिठातच जन्मतं. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, ३० अंशांच्या आसपासच्या उबेत रात्रभर ठेवले की डाळीवरचे जिवाणू कामाला लागतात. ते आम्ल तयार करतात आणि वायूही. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो, म्हणून पीठ फुगतं. इडलीचा इतिहास आपल्या सीमेलगतचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘इड्डरिका’ आणि ‘धोसक’ असे पदार्थ आहेत. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याही आधी, दहाव्या शतकातल्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’चा उल्लेख येतो. मात्र त्या जुन्या कृतींत तांदूळ नाही, पदार्थ नुसत्या उडदाचा आहे.

माझी पहिली शिफारस कांचीपुरमची. तिथल्या वरदराज पेरुमाळ मंदिरात नैवेद्याला जी इडली होते, ती वाटीएवढी नसते. पानं लावलेल्या उंच बांबूच्या टोपलीत पीठ ओतून ती वाफवतात. त्यात मिरी, जिरं, सुंठ, हिंग आणि तूप असतं. रवाळ, खमंग, किंचित आंबट अशी ती इडली चटणीवाचून खाता येते. केरळात गेलात तर अप्पम खा. त्याचं पीठ परंपरेने ताडीवर फुगवतात, गोव्यात सान्नांना सूर घालतात तसंच. कडा जाळीदार, मधला भाग लुसलुशीत आणि सोबत नारळाच्या दुधातला स्टू.

आता चिंच. चिंचेचं सर्वांत देखणं रूप मला देवळांच्या प्रसादात दिसतं. तमिळनाडूत पुळियोदरै, कर्नाटकात पुळियोगरे, आंध्रात पुलिहोरा. चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात मिरची, मेथी, हिंग घालून तेल सुटेपर्यंत आटवतात आणि मग निवलेल्या मोकळ्या भाताला चोळतात. चिंचेचं आम्ल आणि तेल मिळून तो मसाला कितीतरी दिवस राहतो, भातही प्रवासात टिकतो. रामानुजाचार्यांचं जिथे वास्तव्य होतं, त्या मंड्या जिल्ह्यातल्या मेलुकोटेचं पुळियोगरे प्रसिद्ध आहे. त्यासाठी वाट वाकडी करावी, असं ते आहे.

चिंचेचं दुसरं रूप वत्तकुळंबू. यात डाळ नसते. सुंडक्काय नावाची वाटाण्याएवढी कडवट फळं ताकात भिजवून उन्हात वाळवतात, तेलात तळतात आणि चिंचेच्या दाट कोळात शिजवतात. आंबट, कडू आणि तिखट एकाच घासात येतं. गरम भात, वर तिळाचं तेल आणि बाजूला भाजलेला पापड, एवढंच त्याला पुरे.

तिसरं रूप रसम. ते आपल्याकडे वाटीतून सूपसारखं आधी पितात. तमिळ घरात त्याची जागा सांबारभातानंतरची असते. दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचा, त्यावर रसम ओतायचं आणि हाताने कालवून जेवायचं. जुन्या घरांत रसमासाठी खास कथलाचं भांडं असतं. कथील आंबटाला दाद देत नाही. आपल्या पितळी पातेल्यांना कल्हई करतात ती कथलाचीच, आणि तीही त्याचसाठी, की ताक किंवा आमटी कळकू नये. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, हे त्या घरांत लहानपणीच शिकवतात. रसमाला खळखळून उकळी आणायची नसते. वर फेसाचा थर चढला की उतरवायचं. पुढे उकळलं तर वास उडून जातो.

आता पश्चिम घाटाने खाली उतरू या. आपल्या कोकणातल्या रातांब्याची जवळची बहीण केरळात आणि कोडगूत वाढते. आपण रातांब्याची सालं रसात भिजवून उन्हात वाळवतो आणि आमसुलं करतो. केरळात कुडंपुळीची सालं धुरावर वाळवतात. ती काळी होतात आणि त्यांना धुराचा वास लागतो. कोडगूतले लोक त्याच फळाचा रस गाळून, आटवून काळाभोर दाट अर्क करतात. त्याला म्हणतात कचंपुळी. सह्याद्रीच्या एकाच रांगेत एकाच कुळातल्या फळाला माणसांनी ऊन, धूर आणि आच अशा तीन रीतींनी टिकवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

या दोन आंबटांसाठी दोन पदार्थ सांगतो. पहिला म्हणजे कोट्टयमकडचं लालभडक मासळीचं कालवण. त्यात नारळ नसतो. मिरची, आलं, लसूण, मेथी आणि कुडंपुळी यांवर ते उभं असतं. ते मातीच्या भांड्यात शिजतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, कारण आंबट तोवर मासळीत मुरतं. सोबत भाताऐवजी उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद घ्यावा. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा याच कंदाने तिथल्या गरिबांना जगवलं. दुसरा पदार्थ कोडगूची पंदी करी. हे डुकराच्या मांसाचं काळपट कालवण आहे. त्यात भाजलेल्या मसाल्याबरोबर शेवटी कचंपुळी पडते आणि मांसाचा तेलकटपणा कापला जातो. त्याच्याबरोबर कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे.

पूर्वेकडे आंध्रात आंबट पानांतून येतं. त्यांची गोंगुरा म्हणजे आपल्या अंबाडीच्या घरातलीच भाजी. विदर्भ-मराठवाड्यात आपण अंबाडीत कण्या घालतो, वरून लसणाची फोडणी देतो आणि भाकरीशी खातो. आंध्रात तीच पानं तेलात पाणी आटेपर्यंत परततात, लाल मिरची आणि लसणाबरोबर कुटतात आणि गोंगुरा पच्चडी करतात. वाफाळता भात, वर तूप किंवा तिळाचं तेल आणि चावायला कच्चा कांदा. हा पदार्थ तुम्ही याच आठवड्यात घरी करू शकता. बाजारात अंबाडीची जुडी मिळाली की काम झालं.

उरलं दही-ताक. केरळात ओणमच्या सद्येला, म्हणजे सणाच्या पंगतीला, केळीचं पान निमुळतं टोक डावीकडे येईल असं मांडतात. त्यावर दोन डझनांच्या घरात पदार्थ येतात. त्यांत काळन शोधा. सुरण आणि कच्चं केळं, आंबट दही, नारळ, मिरी. हे सगळं घट्ट होईपर्यंत आटवलेलं असतं. सद्येत पायसमनंतरही ताकभाताला जागा राखलेली असते आणि तमिळ जेवणाचा शेवट दहीभातानेच होतो. गोडानंतर आंबट ही रीत आपल्याला अनोळखी वाटेल, पण करून पाहा. पोट हलकं राहतं.

दह्याच्याच वाटेवर आपला एक जुना नातेवाईक भेटतो. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. सांबार तिथल्या मुदपाकखान्यात संभाजीराजांसाठी जन्मलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला समकालीन पुरावा नाही, ती लोककथा म्हणूनच ऐकावी. मराठी घराण्यांची खरी खूण डांगर पच्चडीत आहे. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्याकडे हेच डांगर अजून होतं. तंजावरकरांनी ते जपलं आणि तमिळ पंगतीत बसवलं.

श्रोतेहो, आता मुद्द्यावर येतो. दरवर्षी आपली हजारो माणसं तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारीला जातात. सहलीबरोबर आपला स्वयंपाकी असतो आणि रोज पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात मिळतो. म्हाताऱ्या माणसांची ती सोय आहे, हे मला मान्य आहे. पण एवढा प्रवास करून ज्या देवाचं दर्शन घेतलं, त्याच्या गावाचं जेवण न चाखता परतणं म्हणजे अर्धी यात्रा मागे सोडून येणं आहे. निदान दिवसातून एक जेवण त्या गावच्या खाणावळीत घ्या. जिथे पानावर वाढतात, दुपारी गर्दी असते आणि वाढपी भाताची बादली घेऊन फिरतो, तिथे बसा. शेजारी बसलेला माणूस कशानंतर काय घेतो ते पाहा आणि तसंच घ्या. पहिल्या घासाला चव परकी वाटली तर दुसरा घास घ्या, तिसरा घ्या. आंबट जिभेला लागायला थोडा वेळ मागतं.

आणि ज्यांना प्रवास जमत नाही त्यांच्यासाठी मुंबईत माटुंगा आहे. तिथलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२पासून केळीच्या पानावर जेवू घालतं आहे. येत्या रविवारी डोसा बाजूला ठेवा आणि दुपारी पानावर जेवायला बसा. रसम भातावर ओतून घ्या आणि शेवट ताकाने करा.